कंडक्टरची कंबर

१२ फेब्रुवारी, बुधवार

आजपासून कमरेला पट्टा. बार्शीच्या डॉक्टरांनी दिला. रुंद आहे, मागं सळ्या, पुढं चिकटतो. बांधला की श्वास अर्धाच घेता येतो. डॉक्टरांनी हात लावून बघितलं नाही. "काय करता?" म्हणाले. म्हटलं, एसटीत कंडक्टर, कळंब डेपो. "मग दुखणारच." चिठ्ठी लिहिली आणि पुढचा पेशंट आत.

दिवाळीपासून जेवढ्यांकडं गेलो तेवढ्यांनी हेच वाक्य म्हटलंय. आमच्या डेपोत कंडक्टर कमी नाहीत. सगळ्यांची कंबर थोडीफार कुरकुरते. पण बूट घालताना भिंतीला डोकं टेकून उभं राहावं लागतं असा मी एकटाच. मला काय झालंय एवढंच कुणीतरी सांगावं. बरं करायचं नंतर बघू.

ही वही लेकीची, श्रावस्तीची, गेल्या वर्षीची, पाठीमागून अर्धी कोरी. घरात कंबर हा विषय काढायचा नाही असं ठरलंय. दैवशाला म्हणाली, "आवो, जेवताना तरी दुसरं काय तरी बोला." बायको आहे, पण बोलली ते खरं. तीन-चार महिने मी दुसरं काही बोललेलो नाही. म्हणून आता वहीशी.

१३ फेब्रुवारी

पट्टा लावून ड्युटी. कळंब–धाराशिव दोन फेऱ्या. कंबर होती तेवढीच दुखली, वर पोटाला पुरळ.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. आराम करा म्हणाले होते म्हणून सकाळपासून पडून होतो. कूस बदलायची म्हणजे आधी मनाची तयारी, मग हाताची, मग कमरेची. तिघांचं एकमत होईपर्यंत चहा गार.

तेवढ्यात आईनं गोठ्यातून हाक मारली. चांदी गाभडली. आईच्या चार शेळ्यांत हीच मोठी, काळी, कपाळावर पांढरा टिळा. अजून महिना बाकी होता. दोन पिल्लं, दोन्ही मेलेली. मी मागचे पाय धरले, आईनं हातानंच ओढून काढली. वार पडेना, तीही हात घालून तिनंच काढली. मग राखेनं हात चोळले, धुतले आणि आमच्यासाठी नवा चहा टाकला.

शेजारच्या गिरिजाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "दिष्ट लागली आसंल." आई म्हणाली, "गेल्या साली बी एक आशीच गेली. नशीब म्हणायचं."

मी परत जाऊन पडलो. पाय धरायला वाकलो होतो, त्याची शिक्षा संध्याकाळपर्यंत.

१८ फेब्रुवारी

चांदीला दूध उतरलंय आणि प्यायला पिल्लू नाही. आई लोटी घेऊन माझ्यापुढं उभी. "पी. डाक्टरच्या गोळ्या खाऊन कंबर भरती व्हय? शेळी रानातला सगळा पाला खाती. त्याचं दूध हाय ते."

म्हटलं, उकळून दे. "उकळलं की ताकद जाती. निरसंच प्यायचं, ऊन ऊन."

प्यालो. फेस ओठाला लागतो. चव चांगली आहे. कॅल्शियमच्या गोळ्यांना खडूची चव असते, त्यापेक्षा हे बरं.

रात्री आईनं तिळाच्या तेलानं कंबर चोळली. तिचा अंगठा बरोबर दुखतं तिथंच जातो. डॉक्टरांना "इथं नाही, जरा खाली, नाही डावीकडं" असं सांगत बसावं लागतं. आईला काही सांगावं लागत नाही. आई ती आईच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज लाथ खाल्ली.

आईचं मत असं की ही उसण आहे आणि उसणीवर पायाळू माणसाची लाथ लागते. पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला. शोधायला लांब जावं लागलं नाही. माझ्या गाडीचा ड्रायव्हर सोमेश पायाळू निघाला. आठ महिने एका गाडीवर आहोत, कधी बोलला नाही. म्हणाला, "सांगितलं की लोक रांग लावत्यात भाऊ. आमच्या गावात म्या दहावीपर्यंत लाथाच मारल्या."

डेपोत, टायरच्या खोलीमागं. मी भिंतीला हात लावून उभा. सोमेशनं बूट काढला, मोजाही काढला, पायाला पाणी लावलं. माझ्यापेक्षा लहान आहे, म्हणून आधी माझ्या पाया पडला आणि मग लाथ मारली. तीन वेळा. हळूच मारायची असते म्हणे. तिसरी जरा जोरात बसली.

"फरक?" म्हणाला. मी म्हटलं, थोडा वाटतोय. एवढ्या आदरानं मारलेल्या लाथेला नाही कसं म्हणायचं?

२५ फेब्रुवारी

फरक नाही.

४ मार्च, मंगळवार

धाराशिवला ताण देऊन घेतला. पलंगाला बांधतात, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीला वजन. मशीन खेचतं, सोडतं, खेचतं, सोडतं. तिथल्या साहेबांनी माझा एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "मणक्यात गॅप पडलाय."

बार्शीचे म्हणाले होते, मणक्यातला गॅप कमी झालाय. मी हे या साहेबांना सांगितलं. "तेच की," म्हणाले. गॅप असावा की नसावा, यावर त्यांचं अजून ठरलेलं नाही. तोवर मला रोज ताणणार आहेत.

९ मार्च, रविवार

येडशीला गौरीशंकर म्हणून हाडवैद्य आहेत, त्यांच्याकडं. अंगणात लोक बसलेले, हात गळ्यात, पाय काठीला बांधलेले. त्यांनी मला उताणं झोपवलं आणि कमरेऐवजी पोट दाबलं. "बेंबी सरकली तुमची." मी म्हटलं, दुखणं पाठीमागं आहे. "मागचं दुखणं पुढूनच जातं," म्हणाले. बेंबी जागेवर आणली. येताना येडशीच्या स्टँडवर अर्धा तास उभा होतो, बसून उठायची हिंमत नव्हती.

पण एक आहे. या माणसानं मी काय करतो हे विचारलं नाही. तेवढ्यासाठी बरं वाटलं.

२० मार्च, गुरुवार

संध्याकाळी अंग कसकसतं. सकाळी अंथरूण ओलं. दैवशाला चादर वाळत घालताना म्हणाली, "लेकरू तरी बरं." मी म्हटलं, उन्हाळा आहे. ती म्हणाली, "उन्हाळा आमाला न्हाय व्हय?" ती अंगणवाडीत मदतनीस आहे. लेकरांच्या ओल्या चादरींचा तिला अनुभव आहे.

दूध चालू आहे. आई सकाळ-संध्याकाळ लोटी आणते. आता मी स्वतःच हात पुढं करतो.

२८ मार्च, शुक्रवार

सोलापूर. एमआरआय. आधी खिशातलं सगळं काढा, मग पट्टा काढा, मग त्या नळकांड्यात. हलायचं नाही. आत हातोडे मारल्यासारखा आवाज. मी डोळे मिटून स्टॉप म्हणत होतो — कळंब, येरमाळा, येडशी, धाराशिव. परत धाराशिव, येडशी. चार फेऱ्या झाल्या तेव्हा बाहेर काढलं.

सर्जन मोठे आहेत. भिंतीवर सत्कारांचे फोटो. रिपोर्ट बघून म्हणाले, "चौथ्या-पाचव्या मणक्यात गादी खराब आहे. मणकेही झिजल्यासारखे दिसतायत. नोकरी काय?" मी सांगितलं. "मग बरोबर आहे." स्क्रू टाकावे लागतील. दोन वर, दोन खाली, मध्ये पट्टी. नाही केलं तर पायाची ताकद जाईल. तारीख बावीस एप्रिल.

दैवशालानं विचारलं, "मग हे परत गाडीवर जातील का?" ते म्हणाले, "बसून करायचं काम बघा."

येताना एसटीनं आलो. कंडक्टर ओळखीचा होता, त्यानं खिडकीची जागा दिली.

२९ मार्च

मला भीती वाटते. कुणाला सांगितलं नाही, इथं लिहितो. गावातल्या आण्णासाहेबांचं असंच ऑपरेशन झालं. ते आता दारात खुर्ची टाकून बसतात आणि रस्त्यानं जाणाऱ्याला वेळ विचारतात. घड्याळ त्यांच्या हातात असतं.

मला गाडीत उभं राहायला आवडतं. हे कधी कुणाला म्हणायची वेळ आली नव्हती. भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत वाट काढत जायचं, कोण कुठं उतरणार ते तोंड बघून ओळखायचं. यातलं मला खरंच काही येतं. खुर्चीवर बसून काय येतं ते मला माहीत नाही.

३१ मार्च, सोमवार

सर्टिफिकेट दाखवून हलकी ड्युटी घेतली. डेपोत चौकशीच्या खिडकीत बसतो आणि माइकवर गाड्या सांगतो. मागून एकजण म्हणाला, "यात्रा आली की बरी यांची कंबर धरती." मी माइक चालू ठेवला होता. सगळ्या स्टँडनं ऐकलं. मग मी लातूर गाडीचा फलाट सांगितला.

१३ एप्रिल, रविवार

येरमाळ्याची यात्रा. देवीच्या देवळासाठी चुनखडीचे खडे वेचायला माणसांचा समुद्र. हलकी ड्युटी असूनही मला तात्पुरत्या स्टँडवर नेऊन बसवलं, जादा गाड्या लावायला माणूस पाहिजेच होता. प्लॅस्टिकच्या खुर्चीत नऊ तास. एकदा उठलो ते परत बसता येईना म्हणून उभाच राहिलो, सोमेशच्या गाडीच्या चाकाला टेकून. तो खिडकीतून म्हणाला, "भाऊ, अजून एक मारू का?" मी हसलो. हसलं तरी कळ येते.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पांढरे कपडे, सकाळी विहारात वंदना, संध्याकाळी मिरवणूक. दरवर्षी फोटोची गाडी ढकलायला मी पुढं असतो. यंदा शाळेच्या पायरीवर बसलो. आईही माझ्याशेजारी येऊन बसली, पांढरं नवं लुगडं नेसून. म्हटलं, तू जा की सगळ्यांबरोबर. "राहू दे, हितनं बी दिसतंय." मला एकटं वाटू नये म्हणून बसली. श्रावस्ती लेझीमच्या पहिल्या रांगेत होती.

ऑपरेशनला आठ दिवस.

१९ एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

ऑपरेशनच्या आधी फिटनेस लागतो. भूल सोसेल का, हृदय ठीक आहे का वगैरे. सर्जननं त्याच दवाखान्यातल्या एका मॅडमकडं पाठवलं. मला वाटलं, शिक्का मारतील. त्यांनी रक्तदाब बघितला, मग झोपवून पोट दाबलं आणि डाव्या बरगडीखाली बोट ठेवून थांबल्या. "प्लीहा वाढलीय तुमची." मला प्लीहा असते हेच आज कळलं.

"ताप येतो?"

"नाही."

"संध्याकाळी अंग मोडून येतं? रात्री घाम?"

मी म्हटलं, उन्हाळा आहे मॅडम. दैवशाला मागून म्हणाली, "फेब्रुवारीपासून रोज चादर बदलते मी."

मग त्यांनी विचारलं, "काय काम करता?" मी सांगितलं आणि त्यापुढचं वाक्य स्वतःच म्हणायच्या तयारीत होतो. पण त्या म्हणाल्या, "ते झालं. घरी जनावरं आहेत का?"

"शेळ्या आहेत. आईच्या."

"दूध उकळून पिता ना?"

मी अभिमानानं सांगितलं. "निरसं. दोन्ही वेळा. कमरेसाठीच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. गेल्या दीड वर्षात कुठली शेळी मुदतीआधी व्याली का? म्हटलं, दोन गाभडल्या. पिल्लं कुणी काढली? म्हटलं, आईनं. दोन्ही वेळा पाय मी धरले होते. हातमोजे? दैवशाला हसली. मॅडम हसल्या नाहीत.

शेळ्यांचा एक आजार आहे, ब्रुसेला म्हणतात. शेळ्या त्यानं गाभडतात. त्याचे जंतू वारेतनं, रक्तातनं, कच्च्या दुधातनं माणसात येतात आणि मणक्यात जाऊन बसतात. "गादी खराब नसेल कदाचित. मणक्यात जंतू असतील. रक्त देऊन जा. मी सर्जनशी बोलते."

सगळी थंडी आणि अर्धा उन्हाळा मी लोकांना कंबर दाखवत फिरलो. शेळी दाखवायची होती.

२१ एप्रिल, सोमवार

रिपोर्ट आला. आहे.

उद्याचं ऑपरेशन रद्द. स्क्रू नाही, पट्टी नाही. तीन महिने गोळ्या आणि सुरुवातीला इंजेक्शनं. सर्जन म्हणाले, "बरं झालं वेळेत कळलं." जसं काही तेही शोधतच होते.

मला काय झालंय ते आता मला माहीत आहे. डेपोच्या मागं, टायरच्या खोलीपाशी जाऊन रडलो. सोमेश आला, बघितलं, परत गेला.

२२ एप्रिल

आता आईला कसं सांगायचं?

सकाळी लोटी घेऊन आली. मी म्हटलं, डॉक्टरांनी दूध बंद केलंय. "कुठलं बी? का शेळीचंच?" म्हटलं, सगळंच. दैवशालाच्या हातात त्याच वेळी चहा होता, दुधाचा, उकळलेला. आईनं चहाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, लोटी घेऊन गेली. थोड्या वेळानं गोठ्याशी उभी राहून तिनं ते दूध स्वतःच प्यायलं. वाया कशाला घालवायचं?

मी खिडकीतून बघत होतो. ओरडायला पाहिजे होतं. ओरडलो नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

श्रावस्तीनं सांगून टाकलं. जेवताना. "आजी, तुझ्या दुधानं पप्पांना जंतू झाले."

आईचा घास हातातच राहिला. दैवशाला म्हणाली, "आत्या, तुमी मुद्दाम थोडंच केलं." आईनं विचारलं, "खरं हाय व्हय?" मी व्हय म्हटलं. मग मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं, वार, पिल्लं, निरसं दूध. बोलताना मी अगदी मॅडमसारखा बोलत होतो आणि मला ते थांबवता येईना.

आईनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "म्या तर किती सालं पिते. पिल्लं बी म्याच काढते. मला कुठं काय झालंय?"

याचं उत्तर मॅडमकडं असेल. त्या म्हणाल्या होत्या, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. आई नको म्हणाली. "सुई टोचून घेऊन माझं दूध खोटं ठरवायचं हाय का?"

२७ एप्रिल, रविवार

दैवशाला आणि श्रावस्तीचं रक्त चांगलं आलं. त्या चहातलंच दूध पितात, उकळलेलं.

आई माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. तेलाची वाटी घेऊन मात्र रात्री आली. मी म्हटलं, नको, तू दमली असशील. "गप पड." तेल चोळताना तिनं एकदाच विचारलं, "लई दुखत हुतं का रं?" म्हटलं, लई. आज अंगठा नेहमीपेक्षा हलका होता.

६ मे, मंगळवार

सरकारी दवाखान्यातून जनावरांचे डॉक्टर आले. चारही शेळ्यांचं रक्त नेलं. आईनं एकेकीला धरून दिलं. या वेळी हातमोजे त्यांनी तिला घालायला लावले. निळे, तिच्या हाताला मोठे. ती हात लांब धरून उभी होती, दुसऱ्याचे असल्यासारखे.

गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही.

१९ मे, सोमवार

चांदी आणि तिची पाठ, म्हणजे तिचीच तरणी लेक, दोघींना आजार निघाला. विकायच्या नाहीत, कापायच्या नाहीत, कुणाला द्यायच्या नाहीत. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, बांधापलीकडं खोल खड्डा, वर चुना. आई शेवटपर्यंत तिथं उभी होती. गिरिजाबाई म्हणाल्या, "घरी चला सरुबाई, ऊन हाय." आई म्हणाली, "तुमी व्हा पुढं."

मला वाईट वाटलं. या शेळ्यांनी मला पांगळं करायला काढलं होतं, तरी वाटलं. चांदी लहान असताना श्रावस्तीच्या मांडीवर झोपायची.

३० मे, शुक्रवार

बुटाची नाडी स्वतः बांधली. वाकून. भिंत नाही, दैवशाला नाही. उठताना एक कळ आली, पण ती जुन्या ओळखीच्या माणसासारखी आली आणि गेली. अंथरूण कोरडं. भूक लागते.

आता आईला तेल चोळायला बसवत नाही. म्हटलं, तिलाही आराम.

३ जून

डेपोला गेलो. साहेब म्हणाले, मॅडमचं सर्टिफिकेट आणा, जुलैपासून गाडीवर घेतो. सोमेशनं सगळ्यांना सांगितलंय की त्याच्या लाथेनं बरा झालो. चांगला रिपोर्ट दाखवला तरी ऐकत नाही. दोनजण त्याच्यापुढं पाठ करून उभे होते.

७ जून, शनिवार

सोलापूर, तपासणी. दैवशालाला अंगणवाडीची मीटिंग, म्हणून आई सोबत आली. खरं तर ती पिशवी धरायला आली होती. गाडीत मी तिला खिडकीची जागा दिली. येडशीपर्यंत डोळे मिटून बसली होती, हात समोरच्या दांडीला घट्ट.

मॅडमना माझी प्रगती आवडली. मग त्यांनी आईकडं बघितलं. "पिल्लं काढणाऱ्या आई त्या याच का?" आई उठायला लागली, निघायच्या बेतानं. मॅडम म्हणाल्या, "आजी, शेळ्यांनी रक्त दिलं, मुलानं दिलं, सुनेनं दिलं. आता तुम्हीच राहिलात. हात इकडं करा."

मी तिला किती वेळा सांगितलं होतं! आज तिनं स्वतःच बाही वर केली. रक्त देताना दुसरीकडं बघत होती. येताना म्हणाली, "बाई चांगली हाय. दटावून बोलत न्हाय."

१४ जून, शनिवार

सोलापूर. आईचं आलं. माझ्यापेक्षा जास्त.

मॅडमनी तिला पालथं झोपवलं, पाठीवरून हात फिरवत खाली आणला आणि थांबल्या. "आजी, इथं कधीपासून दुखतं?"

आईनं मान वळवून आधी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "नातीला पहिलीत घातली तवापासून."

परवा शाळा उघडते. श्रावस्ती सातवीत जाईल.